पंख्यावरची होळी

टोरांटो,
१५ मार्च २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, फोटो बघून तुझे चार मिस्ड कॉल आले. फोनवर मी बोलायला लागले की बाबा मागून "विमा उतरवलाय ना?" विचारतात, म्हणून लिहूनच कळवते. परवा आमच्या दिवाणखान्यात होळी पेटली होती हे खरं, पण तिच्यात आग नव्हती.

आम्ही अठराव्या मजल्यावर. बाल्कनीत साधी शेगडी चालत नाही आणि खाली अजून काळपट बर्फाचे ढीग. धाकटीला मात्र होळी हवीच, तीही प्रदक्षिणा घालता येईल अशी. तेव्हा बाबांचा गणपतीतला लंकादहनाचा देखावा आठवला. किचन पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या खाकी कागदात गुंडाळून ओंडके केले. मधोमध जाळीचा छोटा पंखा तोंड वर करून ठेवला, भोवती पिवळ्या-तांबड्या एलईडीची माळ. आधी जिलेटीन कागद लावून पाहिला. ज्वाळा दिसेनात, चिवड्याची पिशवी उघडल्याचा आवाज तेवढा आला. पातळ कापडच हवं. टोकं निमुळती कापली की वाऱ्यावर उभं राहून लवलवतं, आणि उजेड खालून असल्यामुळे बुडाशी झगझगीत, शेंड्याला विझत गेल्यासारखं दिसतं. बाबांचे शंभराचे बल्ब तापून रावणाच्या महालाचा पडदा करपला होता, आठवतंय? एलईडी तशी तापत नाही. तरी कापड दिव्यांना टेकू दिलं नाही, निजताना सगळं बंद केलं.

तुझ्या जावयांनी नैवेद्य दाखवला. पाण्याची धार मात्र मी धरू दिली नाही, खाली वायर होती. आणि शेजारी झोपलेत म्हणून दबक्या आवाजात मारलेली बोंब तू ऐकायला हवी होतीस.

घोळ घातला तो होळीत ठेवलेल्या नारळानं. थोरल्यानं दहा मिनिटं वाट पाहून तो बाहेर काढला आणि म्हणाला, "कच्चाच आहे." मग फोडून वाटी ओव्हनमध्ये भाजायला घातली. खोबऱ्याला तेल सुटलं, धूर झाला, छतावरचा अलार्म केकाटला. शेजारच्या आजी धावत आल्या, होळी बघून दारातच थबकल्या. मग हळूच ज्वाळेला हात लावून पाहिला आणि दोन पुरणपोळ्या खाऊन गेल्या.

तुझी,
ताई

ता. क. कापड कुठलं, ते तू विचारशीलच. दिवाळीला पाठवलेली केशरी शिफॉन. पदर शाबूत आहे.