गुबगुबीत बेळगुंदी

सीमाभागातील अक्षरांचा विचार आजवर ती कोणत्या लिपीतील, फलकावर वर की खाली आणि त्यांना डांबर कोणी फासले, एवढ्याच अंगांनी झाला असून, ती सडपातळ आहेत की स्थूल, या प्रश्नाकडे मात्र विद्वानांचे दुर्लक्ष झाले आहे. 2024 च्या कायदादुरुस्तीनुसार कर्नाटकातील नामफलकांचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये, तोही वरच्या बाजूस, असावा लागतो. परंतु ही टक्केवारी जागेची आहे, वजनाची नव्हे, त्यामुळे उरलेल्या पट्टीत इंग्रजीला खेटून बसणाऱ्या मराठीला हातपाय पसरता येत नसले, तरी अंग धरण्यास कोणाची आडकाठी दिसत नाही.

अंग धरण्याची सोय मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने करून ठेवली आहे. तिचा ‘मोदक’ हा शीर्षक-फॉन्ट, म्हणजे सलग मजकुरासाठी नव्हे तर मथळे व फलक यांसाठी घडवलेला अक्षरसंच, देवनागरीतील बहुधा सर्वांत लठ्ठ असून, अक्षराच्या पोटातील जी मोकळी जागा एरवी ते ओळखण्यास मदत करते, ती येथे फटीएवढीच उरते. या फॉन्टची खरी परीक्षा पाहावयाची असल्यास बेळगाव तालुक्यातील ‘बेळगुंदी’ हे ग्रामनाम घ्यावे. ‘ब’चे पोट तिरक्या रेषेने आधीच दुभंगलेले, ‘ळ’ला पोटे दोन, शिरोरेषेवर मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी हे तीन पोटभाडेकरू, आणि ‘ग’च्या पायाशी उकार; अशा नावातील प्रत्येकाने वजन वाढवल्यावर ते वाचता येते, हे अक्षरकाराचे कौशल्य मानावे लागते. कन्नडमध्ये हेच नाव लिहिताना अनुस्वार डोक्यावर न चढता अक्षराशेजारी स्वतंत्र वर्तुळ होऊन ऐसपैस बसतो, उकारही बाजूलाच चिकटतो, आणि मुळातच गोलाई असलेल्या त्या लिपीला गुबगुबीत होण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत, ही बाब मराठी अभिमानाने सोसली पाहिजे.

त्यात ‘एक टाइप’नेच देवनागरीसाठी ‘बलू’ आणि कन्नडसाठी ‘बलू तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ बलू, असे गोल अंगाचे फॉन्ट एकाच घराण्यात काढले आणि पुढील आवृत्तीत दोघांनाही सारखीच पाच वजने दिली. परिणामी जाडीच्या जोरावर फलकवाद जिंकण्याचा मार्गही बंद झाला.

असे फॉन्ट बारसे, वाढदिवस आणि आइस्क्रीम यांना शोभतात. तथापि फ्लेक्स छापणाऱ्याच्या संगणकावर त्या क्षणी जे अक्षर उघडे असते त्यातच गावाची सुखदुःखे छापली जात असल्याने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’देखील त्याच टुमटुमीत वळणात झळकण्याचा धोका असतो, आणि तेव्हा दिवंगत आजोबा सर्वांना पेढे वाटून मगच गेले असावेत, असा वाचणाऱ्याचा समज होतो.