आठ हातांचं झाड

बोन्साय किती मोठं, हे ठरवायची जपान्यांची रीत फार सोयीची आहे. ते हलवायला किती हात लागतात, एवढंच मोजायचं. एका हाताचं, दोन हातांचं, चार हातांचं, असं करत यादी आठ हातांपर्यंत जाते. आठ हातांचं म्हणजे चार धडधाकट माणसांनी उचलायचं राजेशाही बोन्साय. त्याची उंची पाच फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत. एवढं 'बुटकं' झाड मालकाशेजारी उभं केलं, तर दोघांत बुटका कोण, ते परीक्षकांवर सोपवावं लागतं. अतामीच्या एका बागेतला लाल पाइन तर १६ फूट उंच आणि ३० फूट रुंद आहे. तोही बोन्सायच, असं बागवाल्यांचं म्हणणं. असेल बुवा. कुंडीत आहे ना, मग झालं.

हे वारं आमच्या सोसायटीत शिरलं ते वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या घरातून. साहेबांना छोटं काही आवडत नाही. टीव्ही भिंतीएवढा, गाडी दोन पार्किंग अडवणारी. मग बोन्सायच तेवढं तळहातावरचं का असावं?

आता मोठं बोन्साय रोपापासून वाढवायला घेतलं, तर ते नातवाच्या साठीशांतीला तयार होतं. म्हणून जाणती मंडळी उलट्या बाजूनं येतात. झाड जमिनीत लावून खोड मांडीएवढं होऊ देतात, मग ते गुडघ्याच्या उंचीवर सपकन उडवतात आणि पुढे फुटणाऱ्या धुमाऱ्यांना तारा गुंडाळून फांद्या घडवतात. म्हणजे लहानाचं मोठं करायचं नाही, मोठ्याचं लहान करायचं. (राजकीय पक्षांत ही विद्या बोन्साय येण्याआधीपासून आहे.) साहेबांना तेवढाही धीर नव्हता. पेठेतला एक वाडा पाडायला काढला होता, त्याच्या भिंतीत जुना उंबर रुजला होता. उंबर मोठा सोशिक. चुना, विटा, पुरातत्त्व, कशातही मुळं घालतो. वाडा टेम्पोतून गेला डेब्रिस म्हणून, उंबर टेम्पोतून आला वारसा म्हणून. वाड्याच्या जागी टॉवर होतोय, त्याच्या लॉबीसाठीही साहेबांना एका बोन्सायची ऑर्डर आहे.

उंबर ट्रेमध्ये बसला आणि प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. पाटी आली: 'वय ६० वर्षे'. पुढच्या प्रदर्शनात ती ९० वर्षे झाली. मी विचारलं, तर साहेब म्हणाले, 'अभ्यासातून नवी माहिती पुढे आली.' या गतीनं चार हिवाळ्यांत उंबर पेशवाईत पोचेल आणि त्याखाली कोण बसून गेलं, तेही अभ्यासातून पुढे येईल.

मला इथे उगाच एक परदेशी झाड आठवतं. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा पांढरा पाइन, १६२५ पासून कुंडीत असलेला. १९४५ चा अणुबॉम्ब त्यानं झेलला. १९७६ मध्ये यामाकींनी तो अमेरिकेला, होय, अमेरिकेलाच, भेट दिला. तो बॉम्बमधून वाचलाय, हे वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला कळलं २००१ मध्ये, घरचे नातू भेटायला आले तेव्हा. पंचवीस वर्षं गप्प! आमच्याकडे कुंडीला तडा गेला असता तरी त्याचा फ्लेक्स लागला असता.

तर, आठ हात. हे हात कोणाचे, हा प्रश्न जपानी मोजमापात येत नाही. तिथे बोन्साय शिकणाऱ्याची तीन वर्षं नुसतं पाणी घालायला शिकण्यात जातात म्हणे. आमच्याकडे ती तीन वर्षं माळीकाकांची गेली. पाणी तेच घालतात, तारा तेच काढतात, मुळं तेच छाटतात. साहेबांचा हात झाडाला लागतो तो फोटोपुरता. प्रदर्शनात परीक्षकबाईंनी विचारलं, 'रिपॉटिंग कधी केलंत?' साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, 'गेल्या पावसाच्या तोंडाला. साहेब सिंगापूरला होते तेव्हा.' पहिलं बक्षीस साहेबांना मिळालं. काकांनी ट्रॉफी धरली होती, कारण साहेबांना हार घालून घ्यायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

यंदा साहेबांनी वड आणलाय, तोही कुठल्याशा नर्सरीतून क्रेननं. क्रेनला हात नसतात, त्यामुळे तो किती हातांचा हे अजून ठरलेलं नाही. गेटातून मात्र तो आत येईना. डावीकडे वॉचमनची केबिन, उजवीकडे आवारातला गुलमोहर. मग तातडीची सर्वसाधारण सभा झाली. साहेबांनी सोसायटीची शान, पर्यावरण आणि फ्लॅटचे भाव या तिन्ही विषयांवर भाषण केलं. केबिनीत सीसीटीव्ही असल्यानं ती हलवता येत नाही, असं ठरलं. अनुकूल असलेल्यांनी हात वर करा, म्हटल्याबरोबर आठाहून कितीतरी जास्त हात वर झाले. बिनविरोध म्हणायला हरकत नाही. माळीकाका सभासद नाहीत आणि माझा हात त्या वेळी वडापावात होता.

अडचण एवढीच होती, की २०२१ च्या दुरुस्तीपासून राज्यात पन्नाशी गाठलेलं झाड हेरिटेज ठरतं, आणि झाड तोडायचं तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. सोसायटी स्थापन झाली तेव्हा या गुलमोहराखालीच मांडव घातला होता, असं आमचे सर्वांत जुने सभासद सांगत होते. त्यांना चहा देऊन खाली बसवण्यात आलं. अर्ज साहेबांनी स्वतः लिहिला. वयाच्या रकान्यात वडापुढे दोनशे आहे आणि गुलमोहरापुढे 'अंदाजे नऊ'. अभ्यासातून पुढे आलं असावं.