हवेतनं इतकंच!

"सांगलीला निघालात? हवेतनं एकशेदहाच आहे हो!"

सातारा स्टँडवर सांगलीच्या गाडीसाठी ताटकळताना हे वाक्य कानावर आलं, की अण्णा आले म्हणून समजावं. असले अण्णा तुमच्याही गल्लीत असणार, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. बुशशर्टाच्या खिशात घडीचा नकाशा आणि सहा इंची पट्टी, एवढं पुरे.

रस्ता ही गोष्टच अण्णांना मान्य नाही. उंब्रज, तासवड्याचा टोलनाका, पेठनाका, आष्टा हे जमिनीवरच्या लोकांचे भोग. अण्णांची सांगली कऱ्हाडच्या विमानतळावर सुरू होते आणि कवलापूरला संपते. हवेतनं साठेक किलोमीटर. "ताशी पाचशेनं धरा, सात मिनिटं!" आता कऱ्हाडची धावपट्टी १९५५ सालची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली, लांबी जेमतेम १२८० मीटर. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, नव्या विमानतळाची मागणी आहे आणि तिथं नेमानं उतरतात ती फक्त आश्वासनं. बरं, साताऱ्याहून कऱ्हाड गाठायलाच तास जाईल त्याचं काय? "ते जमिनीवरचं झालं!"

भाचीच्या लग्नाला अण्णा पोचले तेव्हा पंगतीची पानं उचलली जात होती. चिडलेल्या मेव्हण्यासमोर त्यांनी तिथंच पट्टी काढली. हवेतनं ते मंगलाष्टकांच्या आधीच पोचले होते! घरी वहिनींनी दळण आणायला सांगितलं, तरी गिरणी हवेतनं किती, हे आधी निघतं. दळण वहिनीच आणतात.

अण्णांची काशी स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असला तर मिनिटाच्या आतच विमान टेकतं. हे ते अशा थाटात सांगतात, की जणू तिकडं त्यांची सासुरवाडी आहे. "मग तिथंच जाऊन राहा," वहिनी आतून म्हणतात, "हवेतनं."

मात्र एक गोष्ट नाइलाजानं सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टात कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा अण्णांची धाकटी बहीण सांगलीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. त्या आठवड्यात अण्णांनी पट्टी खिशातून काढली नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, पुढं ते पाणी वळणं घेत घेत सांगलीला जातं. अण्णांनी नकाशावर दोरा ठेवून एकेक वळण मोजलं. "अक्का, आयर्विन पुलाला पंचेचाळीस फुटाला धोका असतो. तू चाळिसाचीच वाट बघू नकोस. गहू, कागदपत्रं माडीवर ने आणि दादांकडं मिरजेला जा. आत्ता. चहा नंतर पी." हा फोन त्यांनी इतक्या वेळा केला, की शेवटी वैतागून ती गेली. पुढं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढलं.

ओसरल्यावर अण्णा निघाले. ब्लीचिंग पावडरची पोती, दोन खराटे आणि वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी घेऊन, लाल एसटीत उभ्यानं, विट्यामार्गे. आठवडाभर बहिणीच्या घरातला गाळ उपसला.

जायला किती तास लागले, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.