बिनचावीचे काका

पन्नाशीनंतर टॉप मॉडेल घेणारे एक काका हल्ली प्रत्येक सोसायटीत असतात. या गाडीला चावी फिरवायची नसते, हे त्यांनी शोरूममध्ये पैसे मोजून कबूल केलेलं असतं. मनानं मात्र नाही. गाडीत बसल्याबरोबर उजवा हात सवयीनं स्टिअरिंगखाली चावीचं भोक चाचपू लागतो. बऱ्याच शोधाशोधीनंतर वायपरच्या दांडीआड लपलेलं गोल बटण दिसतं. काका ते दाबतात. डॅशबोर्ड उजळतो, रेडिओ गाऊ लागतो, इंजिन ढिम्म. पुन्हा दाबतात, आणखी चार दिवे लागतात. तिसऱ्यांदा दाबल्यावर सगळंच विझतं. 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' असं निदान होऊन शोरूमला फोन जातो आणि पलीकडचा मुलगा शांतपणे विचारतो, "काका, ब्रेकवर पाय आहे ना?" ऑटोमॅटिकला ब्रेक, मॅन्युअल असेल तर बहुधा क्लच; पाय नसला की ते बटण नुसती वीज चालू करतं.

लोक याला तंत्रज्ञानाची भीती म्हणतात. ते काही खरं नाही. हेच काका कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून देतात. त्यांचं दुखणं अधिकाराचं आहे. पूर्वी मुलानं "बाबा, चावी" म्हणून हात पुढे केला, की कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत आणि पेट्रोल कोण भरणार, एवढी उलटतपासणी झाल्यावरच चावी सुटायची. आता दुसरा रिमोट काकूंच्या पर्समध्ये असतो आणि ती पर्स गाडीत आली की गाडी कोणाच्याही बोटाला सुरू होते. मग उरलेला अधिकार काका रिमोटवरच गाजवतात. त्याला सिलिकॉनचं कव्हर, कव्हरला गणपतीची कीचेन. आणि तो खिशातच असला तरी चालतो हे ठाऊक असूनही दर वेळी बाहेर काढून समोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. अपवाद फक्त गिरणीचा. तिथे पर्स घरी ठेवून आलेल्या काकूंना चालू गाडीत बसवून, रिमोट खिशात घालून ते दळण आणायला उतरतात. गाडी रिमोट हरवल्याची बोंब मारते, पण बंद काही पडत नाही. चावी नाही आणि इंजिन चालू, हा प्रकार काकांना अजून नीतीला धरून वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, जुन्या पिढीची नव्याबद्दलची ही नेहमीची कुरकुर आहे. पण यात नवं काय? हँडल मारून गाडी सुरू करण्याचा जाच चार्ल्स केटरिंगच्या इलेक्ट्रिक स्टार्टरनं १९१२च्या कॅडिलॅकमध्ये संपवला, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा स्टार्टर पायाखालच्या बटणावर चालायचा. चावी फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरनं आणली ती १९४९ साली. काका ज्या परंपरेसाठी हळहळतात, ती बटणापेक्षा वयानं लहान आहे. (हे त्यांना सांगून उपयोग नाही.)

तरी त्यांचा संशय मात्र अगदीच वेडगळ नाही. चावी हातात आली म्हणजे गाडी बंद, याची खात्री असायची. बटण तशी हमी देत नाही. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये फारसा आवाज न करणारी गाडी चालूच राहिली आणि घरातली माणसं कार्बन मोनॉक्साइडनं दगावली, असं अनेकदा घडलंय. २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सनं २००६पासूनचे असे दोन डझनांहून अधिक मृत्यू मोजले होते. तेव्हा उतरल्यावर बॉनेटजवळ कान नेणाऱ्या काकांना हसायचं असेल तर खुशाल हसावं, पण कान त्यांचाच बरोबर आहे.

रिमोटचा सेल संपला तर काय, हा त्यांचा शेवटचा हुकमी प्रश्न. त्याचंही उत्तर आहे. बऱ्याच गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवला की इंजिन सुरू होतं, आणि दार उघडायला रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी चावी दडवलेली असते. हे कळलं त्या दिवशी काकांचा चेहरा उजळला. खरीखुरी चावी! त्यांनी ती लगेच काढून घेतली, लाल दोऱ्यात ओवली आणि हरवू नये म्हणून घरातल्या कपाटात, कुलूप लावून ठेवली.