बेवारस निरोपांचं नियोजन

मेसेज क्यूचं सॉफ्टवेअर विकत घेणं ही एक कबुलीच असते: पलीकडची यंत्रणा कधी ना कधी बंद पडणार. ती चोवीस तास जागी राहील याची खात्री असती, तर तिच्याशी थेट बोलता आलं असतं. मध्ये निरोप सांभाळणारा बसवून त्याचा परवाना, त्याचे सर्व्हर आणि त्याच्या देखभालीचं कंत्राट यांवर पैसे ओतायचं फारसं कारण उरलं नसतं. म्हणजे ही खरेदी मुळात वाईट दिवसासाठीच. पण बँकेतला किंवा विमा कंपनीतला उभारणीचा आराखडा उघडून पाहावा, तर त्यात वाईट दिवसाचा मागमूस नसतो. सगळ्या यंत्रणा जाग्या, सगळे निरोप पोहोचलेले, आकृतीतले सगळे बाण निळे आणि एकाच दिशेने धावणारे. संकटासाठी घेतलेल्या वस्तूचं नियोजन संकट येणारच नाही असं धरून करणं, ही आपल्या आयटी विभागांची खास कला आहे.

उदाहरणादाखल आयबीएम एमक्यू घेऊ. 1993 साली ते एमक्यूसिरीज म्हणून बाजारात आलं, पुढे वेबस्फिअर एमक्यू झालं, मग आयबीएम एमक्यू. उत्पादनाने स्वतःचं नाव दोनदा बदललं, पण त्यात एकदा तयार केलेल्या क्यू मॅनेजरचं, म्हणजे रांगा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव मात्र बदलता येत नाही. नावासाठी 48 अक्षरांची सोय आहे; तरी डॅशबोर्डच्या रंगावर तीन बैठका घेणारी समिती हे नाव कीबोर्डवर ज्याचा हात असेल त्याच्यावर सोपवते, आणि ‘टेस्ट’ नावाचा क्यू मॅनेजर पुढे वर्षानुवर्षं खऱ्या पैशांचे व्यवहार वाहतो. कंटेनरच्या जमान्यात नवा क्यू मॅनेजर दोन मिनिटांत उभा राहतो, मग एवढा बाऊ कशाला, असं तरुण मंडळी विचारतील. उभा राहतो हे खरंच. पण जुनं नाव तोवर दहा भागीदारांच्या चॅनेलमध्ये, प्रमाणपत्रांत आणि कुणीतरी लिहून नोकरी सोडलेल्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसलेलं असतं. यंत्र दोन मिनिटांत बदलतं. दहा कंपन्यांची परवानगी पत्रं बदलायला दोन तिमाही लागतात.

आता आकडे पाहू. या सॉफ्टवेअरमध्ये, हात लावला नाही तर, एका क्यूत 5000 मेसेज मावतात. सेकंदाला 50 मेसेज येत असतील आणि घेणारा झोपला, तर क्यू 100 सेकंदांत भरते. एक मिनिट चाळीस सेकंद! तेवढ्या वेळात सपोर्टवाल्याचा पासवर्डसुद्धा रीसेट होत नाही. त्यानंतर पाठवणाऱ्याच्या तोंडावर 2053 हा एरर कोड येतो, म्हणजे रांग भरली, आणि ज्या अडचणीतून वाचण्यासाठी एवढा खर्च केला ती जशीच्या तशी दारात उभी राहते. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे मर्यादेच्या रकान्यात नऊ वेळा नऊ टाकणं. आकडा चालतो, डिस्क चालत नाही. चार-चार किलोबाइटचे तेवढे मेसेज ठेवायला सुमारे चार टेराबाइट जागा हवी, आणि आराखड्यात डिस्कचा आकडा मागच्या प्रकल्पातून उचललेला असतो. क्यूचा जन्मच साठवणुकीसाठी आहे, मग साठलं तर बिघडलं काय, असा युक्तिवाद होईल. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच. तासाभराची गर्दी क्यू झेलते; रोज येणारं काम रोज होणाऱ्या कामापेक्षा जास्त असेल, तर कितीही लांब रांग भरण्याची फक्त तारीख पुढे ढकलते. शिवाय मेसेज ‘पर्सिस्टंट’, म्हणजे रीस्टार्टनंतरही टिकणारा, ठेवायचा की नाही हे कुणी ठरवलं नाही, तर मुळातली सेटिंग ‘नाही’ अशीच असते. मग क्यू मॅनेजर रीस्टार्ट झाला की तुंबलेली रांग आपोआप मोकळी होते. काम झाल्यामुळे नव्हे, मेसेज नाहीसे झाल्यामुळे.

पत्ता चुकला, पलीकडची क्यू भरली किंवा परवानगीच नसली, की मेसेज डेड लेटर क्यूत जातो. अशी क्यू तयार मिळते, पण तीच वापरायची हे क्यू मॅनेजरला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं नसेल, तर एका न पोहोचणाऱ्या पर्सिस्टंट मेसेजसाठी अख्खं चॅनेल थांबतं आणि मागचे हजारो निर्दोष मेसेज अडकून पडतात. सांगितलं असेल, तर दुसरी गंमत. प्रत्येक मेसेज आपल्या मृत्यूचं कारण, मूळ पत्ता, तारीख आणि वेळ कपाळावर लिहून घेऊन येतो. ते वाचून नियमाप्रमाणे वाट लावणारी आज्ञाही सोबत मिळते. फक्त तिचे नियम लिहायला माणूस लागतो. आपल्या टपाल खात्याला हे कधीच कळलं होतं: पत्ता न सापडलेली पत्रं उघडून पाठवणारा शोधायला त्याने रिटर्न्ड लेटर ऑफिस काढलं आणि तिथे पगारी माणसं बसवली. आयटी विभागाने शवागार बांधलं, पण वारस शोधण्याचं पद मंजूर केलं नाही.

यावर शेवटचं आणि सर्वांत आवडतं उत्तर असतं, की हे सगळं कन्सल्टंट बघतो. कन्सल्टंट प्रत्येक सेटिंगचा अर्थ नक्की सांगेल. पण क्लिअरिंगची यंत्रणा किती वेळ बंद राहिलेली चालेल, कोणता मेसेज हरवला तर ग्राहकाचे पैसे अडकतात आणि तीन दिवस शिळा झालेला मेसेज पुन्हा पाठवावा की फेकावा, हे व्यवसाय चालवणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि तो बैठकीला ‘हा तांत्रिक विषय आहे’ म्हणून आलेलाच नसतो. म्हणून आराखड्यावर सही करण्याआधी एकच चाचणी पुरे. डेड लेटर क्यूसमोरच्या ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात नाव वाचावं आणि रात्री अडीच वाजता त्या माणसाला फोन लावावा. तिथे ‘संबंधित टीम’ असं लिहिलेलं असेल, तर फोनचा खर्चही वाचतो; संबंधित टीमकडे फोन नसतो.