तीन ओहमचा पाहुणा

घरातली वस्तू पूर्ण बिघडली तर प्रश्न मिटतो. भंगारवाला येतो आणि घेऊन जातो. अर्धी बिघडली की मात्र ती मालकाला बिघडवते. आमचं होम थिएटर असंच अर्धं गेलं. टीव्हीखालचा डीव्हीडीचा डबा आधी डिस्क पोटात धरून बसला, मग त्याचा आवाजही बंद झाला, आणि दुरुस्तीवाल्याने 'याचा बोर्ड आता येत नाही' एवढंच सांगून डबा परत दिला. पण त्याच खोक्यातून आलेले पाच लहान स्पीकर आणि एक दांडगा सबवूफर ठणठणीत होते. "अहो, देऊन टाका की सगळंच," असं बायको म्हणाली. चांगले पाच स्पीकर देऊन टाकायचे? आमच्याकडे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांनासुद्धा निवृत्तीपर्यंत नोकरी असते.

नेमका त्याच सुमारास भाचा नोकरीसाठी म्युनिकला निघाला. सामानाची वाटणी करताना त्याचा एव्ही रिसीव्हर माझ्या वाट्याला आला. रिसीव्हर म्हणजे नुसता आवाज वाढवणारा आणि वाटणारा पेटारा. स्पीकर आपले आपण आणायचे. उचलताना कंबर बोलते इतका जड, आणि पाठीमागे सॉकेटांची अशी गर्दी की टीव्हीकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत बसावं. "मामा, तुझ्याकडे स्पीकर आहेतच. लावून टाक," एवढं बोलून तो विमानतळावर गेला. कुठले स्पीकर, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढचा सगळा खर्च या न झालेल्या संवादातून निघाला.

मी इंजिनियर नाही. पण घरचा फ्यूज स्वतः बांधणाऱ्या पिढीतला आहे, आणि या पिढीला विजेबद्दल जो आत्मविश्वास आहे तो कुठल्याही पदवीने येत नाही.

रिसीव्हरच्या पाठीवर लाल आणि काळ्या फिरकीच्या टोप्यांच्या जोड्या असतात. टोपी सैल करायची, सोललेली तार आत सारायची, टोपी आवळायची. माझ्या स्पीकरांच्या वायरींना मात्र टोकाला प्लास्टिकचे चपटे प्लग होते आणि ते त्या मेलेल्या डब्याखेरीज जगातल्या कुठल्याच यंत्रात जात नव्हते. प्रत्येकाचा रंग वेगळा: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा लाल, मधला हिरवा, मागचे दोन निळा आणि राखाडी, सबवूफर जांभळा. रंगाला रंग जुळवायचा. लहान मुलालाही जमावं अशी सोय. मी कात्री आणली आणि सहाच्या सहा प्लग कापून टाकले. शेवटचा तुकडा जमिनीवर पडल्यावर लक्षात आलं की रंग प्लगला होता, वायरीला नव्हता. आता माझ्या हातात एकसारख्या राखाडी सहा शेपट्या होत्या आणि त्यांची दुसरी टोकं शोकेसच्या मागून, गालिच्याखालून आणि पडद्याच्या पेल्मेटवरून कुठे कुठे गेली होती. एकेक वायर ओढायची आणि कोणता स्पीकर हलतो ते बायकोने सांगायचं, अशी पद्धत बसवली. मागचा डावा हलला नाही, सरळ खाली आला.

प्रत्येक शेपटीत दोन तारा, आणि त्यांतल्या एकीवर बारीक रेघ. रेघेची तार अधिक की उणे, यावर सगळ्या कारखानदारांचं एकमत नाही. आमच्या घरातही नव्हतं. चिरंजीव अधिक म्हणाले, मी उणे म्हणालो, आणि ज्याच्या हातात जी वायर आली ती त्याने आपल्या मताप्रमाणे जोडली.

मग बातम्या लावल्या. निवेदकाचा आवाज समोरून यावा, तर तो खोलीभर सांडला. डावीकडे बघावं तर उजवीकडून, उजवीकडे बघावं तर पंख्यातून. जाडपणा तर पार गेलेला. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि यंत्र एकेका स्पीकरमधून चिरके आवाज काढून खोलीचं माप घेतं. पहिल्या मापात कुकरची शिट्टी झाली आणि यंत्राने गोंगाटाची तक्रार नोंदवली. दुसऱ्यात त्याने निर्णय दिला: पुढचा उजवा उलटा जोडलाय. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खर्जाचा आवाज दोघं मिळून एकमेकांचा खाऊन टाकतात. चिरंजीव बरोबर होते की मी, हे मी इथे नोंदवणार नाही. एवढंच सांगतो की पुढचा उजवा मी जोडला होता.

यावर उपाय भाच्याने फोनवरून सांगितला. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर उसळला तर सेलचं अधिक टोक लागलेली तार अधिकची. उपाय पक्का आहे, घरोघरी करावा. सेल मात्र भिंतीवरच्या घड्याळातला काढू नये. त्या दिवशी आमच्याकडे पावणेपाच बराच वेळ वाजलेले होते आणि बायकोची बँक हुकली.

मापात आणखी एक ओळ आली होती: सबवूफर सापडत नाही. सगळ्यांत मोठं खोकं, हॉलच्या कोपऱ्यात, ज्याच्यावर पाय आपटून आमच्या घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी शिवी दिली आहे, आणि ते सापडत नाही? मुद्दा असा की रिसीव्हरमध्ये सबवूफरसाठी टोप्यांची जोडीच नसते, एक गोल आरसीए सॉकेट असतं. त्यातून फक्त इशारा निघतो, ताकद नाही. ज्या सबवूफरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो आणि जो भिंतीतल्या प्लगमधून वीज घेतो, त्याला तो इशारा पुरतो. आमचा सबवूफर जन्मभर त्या डब्याच्या जिवावर जगलेला. त्याच्या पोटात लाकूड, कापूस आणि एक भोंगा. मी एक जुनी ऑडिओ केबल कापून (कात्री हाताशीच होती) त्याला जोडली. जमिनीवर आडवा होऊन भोंग्याला कान लावला तेव्हा फार दूर कुठेतरी लग्न चाललंय असं वाटलं.

सबवूफर नाही म्हटल्यावर रिसीव्हरने नियमाप्रमाणे ढोल, ताशे, स्फोट असला सगळा भार पुढच्या दोन स्पीकरांवर टाकला. अडीच इंची पडद्याचे ते जीव. मूळ डबा त्यांची लायकी ओळखून होता. साधारण दीडशे हर्ट्झच्या खालचा आवाज असे डबे लहान स्पीकरांकडे पाठवतच नाहीत.

आता परीक्षेसाठी मी 'सैराट' लावला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. माणसं इतक्या लांब गेली, तर आपण निदान आवाजाचं बटण थोडं पुढे न्यावं. 'झिंगाट' सुरू झालं, मी बटण पुढे नेलं, शेजारच्या काकूंनी खिडकी लावली म्हणून आणखी थोडं नेलं, आणि रिसीव्हरमध्ये 'टक्' झालं. शांतता. पडद्यावर इंग्रजीत शब्द आला: प्रोटेक्ट. मी बायकोला म्हणालो, "बघ, केवढी काळजी घेतंय." तिने रिसीव्हरच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

भाच्याला परत फोन. तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "मामा, स्पीकरच्या मागे ओहम किती लिहिलेत?" तीन. "आणि रिसीव्हरच्या मागे?" सहा ते सोळा. हे मी जोडतानाच वाचलं होतं. तीन हे सहापेक्षा कमी, म्हणजे यंत्राला ओझंही निम्मं, असा सरळ हिशेब करून मी खूश झालो होतो.

ओहम म्हणजे पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात. आठ ओहमचा पाहुणा हात आडवा करतो, बेताने घेतो. तीन ओहमचा पाहुणा हात आडवा करतच नाही. वाढप्याने झारा रिकामा करावा, याने ताट पुढे करावं. वाढपी म्हणजे रिसीव्हर. हळू आवाजात एखादी जिलबी गेली तर चालून जातं, पण मी 'झिंगाट'चं घमेलंच पंगतीत आणलं होतं. बारा व्होल्टला आठ ओहमचा स्पीकर दीड अँपिअर ओढतो आणि १८ वॅट घेतो. तेवढ्याच व्होल्टला तीन ओहमचा चार अँपिअर ओढतो आणि ४८ वॅट घेतो. असे पाच बसवल्यावर वाढपी झारा खाली ठेवून निघून गेला, त्यात त्याची काय चूक?

हा नियम गेओर्ग ओहम नावाच्या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली छापला. त्याच्या देशात तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. १८५४ मध्ये तो वारला, तोही म्युनिकमध्येच, जिथून भाचा मला त्याचा नियम फोनवर समजावत होता. मी हा नियम दहावीला पाठ केला होता आणि त्यावर मार्कही मिळवले होते. मार्क मिळाल्यावर माझा त्याच्याशी संबंध संपला.

शनिवारी एक स्पीकर पिशवीत घालून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी स्पीकर हातात घेतला, उलटा केला आणि परत पिशवीत ठेवला. "सेटमधला आहे. सेटलाच लावा." सेट मेला. "मग यालाही मेला समजा." मी नव्याने मिळवलेली विद्या बाहेर काढली: मालिकेत तीन ओहमचा रेझिस्टर टाकून सहा केले तर? "टाका की. निम्मी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाईल. काका, हॉलमध्ये हीटर हवाय का?" सबवूफरला वेगळा ॲम्प्लिफायर बोर्ड मिळेल म्हणाले, बोर्ड त्यांचा, पॉवर सप्लाय निराळा, पेटी निराळी, जोडणी माझी. शेवटच्या दोन शब्दांवर आम्ही दोघंही थोडे थांबलो.

मी म्हटलं, पण हा सेट हजार वॅटचा होता! त्यांनी एवढंच विचारलं, "डब्याच्या मागे वीज किती खातो ते वाचलंत का?" घरी येऊन वाचलं. दीडशे वॅट. म्हणजे दीडशे वॅट घेऊन हजार वॅट देणारं यंत्र माझ्या घरात कित्येक वर्षं होतं, आणि मी वेड्यासारखा महावितरणचं बिल भरत होतो. त्या हजारातला काही भाग क्षणभराच्या झटक्याचा असतो, काही आवाज फाटेपर्यंत ताणून मोजलेला असतो, आणि बाकीचा खोका रंगवणाऱ्याचा. तीन ओहमचं कारणही इथेच आहे. असल्या डब्यात हलका, कमी व्होल्टचा वीजपुरवठा असतो. त्यातून वॅटचा आकडा फुगवायचा तर ओहम खाली आणावे लागतात. डबा आणि स्पीकर एकमेकांपुरते बेतलेले असतात. वेगळे केले की डब्याचं काही बिघडत नाही, पाहुण्याला घरात घेणाऱ्याचं बिघडतं.

रिसीव्हर थंड झाल्यावर सुरू झाला. माझं नशीब म्हणा किंवा त्याच्या बनवणाऱ्याची पुण्याई म्हणा. मी तीन ओहमवाले पुन्हा जोडून आवाज अगदी खाली ठेवला आणि बायकोला सांगितलं की अशाने चालतंय, बातम्या तर छान ऐकू येतात. ती म्हणाली, "बातम्या टीव्हीच्या आवाजातच ऐकू येत होत्या."

शेवटी आठ ओहमची साधी जोडी घेतली. पुढे दोनच स्पीकर, मागे कोणी नाही, आणि आवाज उत्तम. फुकट मिळालेला रिसीव्हर मला नव्या साउंडबारपेक्षा महाग पडला, हा हिशेब घरात अजून झालेला नाही, तेव्हा हा लेख तिथे दाखवू नये.

आता वाचकांना एक विनंती. ज्यांच्याकडे असाच सेट असेल, डबा चालू असेल आणि स्पीकर गेले असतील, त्यांनी संपर्क साधावा. पाच स्पीकर, पैकी एक पेल्मेटवरून पडलेला, आणि एक सबवूफर, हल्ली त्यावर तुळस आहे, असा माल विनामूल्य मिळेल. प्लग मिळणार नाहीत.