रावसाहेबांपुढची खुर्ची

सरकारी साहेबाच्या टेबलापुढची खुर्ची बसण्यासाठी नसते. तिच्यावर फायलींचा गठ्ठा असतो. मी नवा तलाठी. शंका घेऊन गठ्ठ्याशेजारी उभा राहिलो की पहिले साहेब मान वर न करता म्हणत, "जीआर वाचा." कोणता जीआर, हे विचारायचं म्हणजे दुसरी शंका. महिन्याभरात माझ्या शंका संपल्या आणि चुका सुरू झाल्या.

मग नायब तहसीलदार बदलले. नव्या रावसाहेबांनी तो गठ्ठा स्वतः उचलून कपाटावर टाकला, सात वेळा शिंकले आणि म्हणाले, "बस. बोल."

हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र 40 आर, संगणकावर 4 हेक्टर! टायपिंगच्या एका चुकीनं एकराचे दहा एकर केले होते. मालक तक्रारीला फिरकला नव्हता. शेजारी आले होते.

"तुला काय वाटतं?" हा रावसाहेबांचा जुना आजार.

"फेरफार धरू?"

"जमीन कुणी विकली? कुणी वारलं?"

"नाही."

"मग हक्क बदललाय, की आकडा चुकलाय?"

एवढं बोलून त्यांनी 1966ची जमीन महसूल संहिता पुढे सरकवली. फुगलेलं पुस्तक, पानापानांत खुणेला एसटीची तिकिटं. पंढरपूरच्या तिकिटापाशी कलम 155 निघालं: लेखनातल्या चुकांची दुरुस्ती. उत्तर मीच शोधलं असं मला वाटावं, याची चोख व्यवस्था होती. पाऊण तास गेला, हे खरं. जीआरवाल्या साहेबांनी तेवढ्यात दहा जण वाटेला लावले असते.

रावसाहेबांना स्वतःला ठाऊक नसलं की सरळ रेकॉर्डच्या शिपाईमामांना हाक. "मामा, हे पूर्वी कसं केलंय हो आपण?" मग मामा टोपी सारखी करून आम्हा सगळ्यांदेखत साहेबांना शिकवत. आणि साहेब लिहून घेत!

एकदा प्रांतसाहेब दप्तर तपासणीला आले. तरुण, तापट. "हे प्रकरण तीन महिने का पडून आहे?" आम्ही भिंतीला चिकटलो. रावसाहेबांनी सवयीनं खुर्ची पुढे केली.

"बसा, साहेब. तुम्हाला काय वाटतं?"

मामांच्या हातातला चहा बशीत सांडला. प्रांतसाहेब मात्र बसले. थोडा वेळ गप्प राहिले, चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले,

"फाइल आमच्याकडे, माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर असेल का हो?"